पिवळं काडतूस

आधीच सांगते, मला बंदुकीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण ज्या घरात सकाळच्या चहाबरोबर रायफल बरी की छर्‍याची बंदूक बरी यावर वाद चालतो, त्या घरात काही गोष्टी कानावर पडतातच. त्या नुसत्या कानावर न पडता डोक्यात शिरल्या असत्या, तर सत्त्याण्णव सालच्या दसर्‍याला माझ्यावर ती वेळ आली नसती.

आम्ही तेव्हा नुकते नोएडात राहायला आलो होतो. दिलीप, म्हणजे माझा नवरा, टीव्ही बनवणार्‍या एका परदेशी कंपनीत पर्चेसला होता. सेक्टरातले निम्मे प्लॉट रिकामे आणि आठवड्याला एक चोरी ठरलेली. माझे सासरे भाऊसाहेब ग्वाल्हेरचं घर विकून आमच्याकडे आले, ते दोन ट्रंका आणि दोन हत्यारं घेऊन. एक रायफल आणि एक बारा बोरची दुनळी बंदूक. त्यांची लायसन्सं दिलीपच्या नावावर करून घेण्यात दोन वर्षं गेली आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

भाऊसाहेबांचं मन रायफलमध्ये. "रायफल म्हणजे एक गोळी, एक जनावर," ते म्हणायचे. "नळीला आतून आटे असतात. गोळी गरगरत जाते आणि दोनशे पावलांवरचं सांबर जागच्या जागी बसतं. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. छर्रे पसरतात. तितर मारा, बटेर मारा, फार तर जवळ आलेलं डुक्कर." हे सगळं शिकारीवर बंदी यायच्या आधीचं. पण सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू सांबर आमच्या गॅरेजमध्ये उभं आहे.

वरच्या मजल्यावरचे पद्माकरराव बंदुकीच्या बाजूचे. मूळचे नाशिकचे, इथे कारखान्यांना आणि बँकांना सिक्युरिटी गार्ड पुरवायचे. "भाऊसाहेब, जंगल गेलं, सेक्टर आले," ते म्हणायचे. "इथे गार्डनं रायफल झाडली तर गोळी चोराला लागून भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात जाईल. बँकेच्या दारात छर्‍याचीच बंदूक पाहिजे. निम्मे चोर तिचं तोंड बघूनच पळतात." त्यांच्या तोंडाची टकळी एकदा सुरू झाली की थांबायची नाही, आणि चहा मात्र मीच करायची.

आणि आमची रुचिरा. एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसर्‍या वर्षाला. "आजोबा, मला ना सांबर मारायचंय ना चोर," ती म्हणायची. "मला बस चकती फोडायचीय." तुघलकाबादकडच्या शूटिंग रेंजवर ती एका क्लबची मेंबर झाली होती. तिथे मशीनमधून मातीची चकती हवेत सुटते आणि ती दूर जायच्या आत छर्‍यांनी फोडायची. रायफलचं तिथे काम नाही. हवेत पळणार्‍या चकतीला एक गोळी लागणार कधी? दर रविवारी दिलीप लायसन्स खिशात घालून तिला घेऊन जायचा आणि ती निळा पडलेला खांदा घेऊन घरी यायची. मी रात्री त्यावर आंबेहळद लावायची आणि तोंडाने बडबडायची.

शेवटी दिलीपनंच तोडगा काढला. घरात दोन हत्यारं नकोत, दसर्‍यानंतर एक विकायचं. दसर्‍याच्या सुट्टीला क्लबच्या टीमसाठी ट्रायल होती. रुचिरा निवडली गेली तर बंदूक राहील आणि रायफल जाईल. नाही निवडली गेली तर बंदूक जाईल आणि रायफल भाऊसाहेबांची आठवण म्हणून कपाटात पडून राहील. मी रायफलच्या बाजूची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती कपाटातून कधी हलत नव्हती, माझ्या पोरीला घेऊन कुठे जात नव्हती. मला भीती वाटायची, सरळ सांगते. रविवारी ती घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

दसर्‍याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रांची पूजा असते. बाकीच्यांच्या घरी विळी, सुरी, स्क्रू ड्रायव्हर पुजतात, आमच्याकडे पाटावर ही दोन धुडं. दरवर्षी भाऊसाहेब स्वतः मांडायचे. त्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. ते खुर्चीतून मला सांगत होते. "कुमुदिनी, रायफलला गंध लावलंस? आता बंदूक. शस्त्र उपाशी पुजायचं नाही. डब्यातलं एक काडतूस नळीत घाल, मग हळदकुंकू वाहा. आरती झाली की काढून ठेव."

आता ते स्वतः दरवर्षी उडवलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल घालायचे, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी डबा उघडला. आत बरीचशी लाल काडतुसं आणि तळाशी चार-पाच पिवळी. लाल रंग पाहून मला कसंसंच वाटलं. पिवळं हळदीच्या रंगाचं, सणाला शुभ, म्हणून मी पिवळं उचललं. त्याच्या पितळी बुडाला कुंकवाचं बोट लावलं आणि उजव्या नळीत सोडलं. ते अलगद आत सरकलं. बसलं म्हणायचं, असं मनाशी म्हणून मी बंदूक मिटवली.

मग सगळ्यांबरोबर हात जोडले. आणि आता जे सांगते ते मी पुढे एकाच माणसाला सांगितलं. मी मनात म्हटलं, उद्या हिचा नेम चुकू दे. हिची निवड नको, बंदूक जाऊ दे, पोर घरी राहू दे. आरती झाली, तेवढ्यात दूध उतू गेलं, मग शेजारणी आल्या, आणि काडतूस काढायचं राहून गेलं.

दसर्‍याला सकाळी साडेसातला रुचिरा बंदूक पिशवीत भरायला पाटापाशी आली. मी आत पुरीची कणीक मळत होते. बंदूक मधून दुमडल्याचा खट्‌ असा आवाज आला.

"आई, यातलं काडतूस काढलंस ना?"

"अगं, माझे हात भरलेत. आहे का बघ त्यात."

"नाहीये. खाली है दोनो."

"मग काढलं असेल तुझ्या बाबांनी."

"चलो, लेट होतंय," दिलीप दारातून ओरडला, आणि आमची मारुती गेली. निघण्याआधी रुचिरा मला नमस्कार करायला आत आली होती. मी कोपरानेच तिच्या डोक्याला हात लावला.

साडेआठच्या सुमाराला भाऊसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "कालचं काडतूस दे गं. डब्यात ठेवतो."

"दिलीपनं ठेवलं असेल."

"दिलीपनं नाही. रात्री मी विचारलं तर म्हणाला, कुमुदनं काढलं असेल." त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि बोटांनी आत चाचपायला लागले. "लाल एकही कमी लागत नाही, रुचिरा तर क्लबातलीच वापरते. तू कोणतं घातलंस?"

"पिवळं. हळदीसारखं दिसलं म्हणून."

त्यांचा हात डब्यातच राहिला. मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "ते प्रभाचं."

प्रभा म्हणजे माझ्या सासूबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या नव्हत्याच. त्यांची म्हणे हलकी, बायकी वीस बोरची बंदूक होती. ती कधीच विकली, पण चार-पाच काडतुसं भाऊसाहेबांनी ठेवली होती. वीस बोरचं काडतूस बारापेक्षा बारीक असतं. बारा बोरमध्ये चुकून जाऊ नये, म्हणून ते मुद्दाम पिवळं करतात.

"चुकून गेलं तर काय होतं?" मी विचारलं.

"रायफल भलतं काडतूस घेतच नाही. बंदूक घेते. बारीक काडतूस पुढे सरकतं आणि नळीत अडकून बसतं. मागून वरवर बघणार्‍याला नळी रिकामी दिसते. मग तो मागून आपलं लाल काडतूस भरतो. चाप ओढला की नळी फुटते. डावा हात असतो तिथेच. तोंडही लांब नसतं."

"रुचिरा पहिली कोणती नळी उडवते?"

"उजवी. मीच शिकवलंय."

मी फोनकडे धावले. रेंजच्या ऑफिसात पाच-सहा रिंगनंतर कुणीतरी उचलला. "आज दशहरा है, ऑफिस बंद है," एवढं म्हणून खाली ठेवला. परत लावला तर लागेचना. मी तशीच, हाताला कणीक, जिना चढून पद्माकररावांचं दार बडवलं.

त्यांची व्हॅन धुऊन, झेंडूचा हार घालून, चाकांखाली लिंबं ठेवून पूजेला उभी होती. मी दोन वाक्यांत सांगितलं. बाकी काही म्हणा, त्या माणसानं एक प्रश्न विचारला नाही. लिंबं चिरडून व्हॅन बाहेर निघाली. जाताना भाऊसाहेब फाटकाला धरून उभे होते, पट्टी काढून, ऑपरेशनचा डोळा उन्हात उघडा टाकून. त्यांना आत जा म्हणायचंही मला सुचलं नाही.

ट्रायल साडेनऊची. यमुनेवरचा कालिंदी कुंजचा बंधारा ओलांडेपर्यंत नऊ वाजले. घाबरलं की पद्माकरराव जास्त बोलतात हे मला त्या दिवशी कळलं. "वहिनी, तशा बंदुका दणकट असतात. जुन्या इंग्लिश पोलादाच्या. कधी कधी ते बारीक काडतूस आपलं आपण मागे येतं." मी म्हटलं, पद्माकरराव, रस्त्याकडे बघा. ते म्हणाले, हो. मग पुन्हा सुरू.

बदरपूरला आम्ही अडकलो. एका ट्रकवर आडवा घातलेला रावण चालला होता. त्याचे पाय ट्रकच्या बाहेर, मागे ढोल आणि शे-दोनशे माणसं. बाजूला जायला जागा नाही. घड्याळात नऊ पंचवीस. मी दार उघडून उतरले आणि त्या माणसांना हात जोडून म्हणत सुटले, "भैया, निकलने दो, मेरी बेटी है, निकलने दो." त्यांना काय वाटलं कोण जाणे, दवाखान्याची केस असेल असं वाटलं असेल. चार जणांनी रावणाचे पाय उचलून धरले आणि खालून आमची व्हॅन काढली.

"एक लक्षात ठेवा," तुघलकाबादच्या वळणावर पद्माकरराव म्हणाले. या खेपेला त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "आपण पोचेपर्यंत ती लाइनवर असेल. कानाला मफ असतात, तुमचं नाव घेऊन ओरडणं तिला ऐकू जायचं नाही. नियम असा आहे की रेंजवर कुणीही स्टॉप म्हणून ओरडलं, अगदी चहावाला ओरडला तरी, रेफरीनं शिट्टी मारायची आणि सगळ्यांनी बंदुका उघडायच्या. फक्त स्टॉप. दुसरं काही बोलत बसू नका."

त्या माणसाला दिलेले सगळे चहा त्या एका वाक्यात वसूल झाले.

व्हॅन थांबायच्या आधीच मी उतरले. चप्पल कुठे गेली पत्ता नाही. नशिबानं ट्रायल उशिरा, नुकतीच सुरू होत होती. लांब हिरवळ, तिच्या टोकाला पाच जण आडव्या ओळीत उभे आणि मागे खुर्च्यांवर लोक. चौथी रुचिरा. निळा टी-शर्ट, वेणी. पहिल्यानं काहीतरी ओरडलं, चकती सुटली, धडाम. मी पळत होते. दुसर्‍यानं ओरडलं. धडाम. मला आता रुचिराच्या हाताची हालचाल दिसत होती. तिनं बंदूक दुमडून उघडली, एक काडतूस घातलं, मग दुसरं, आणि मिटवली. तिसर्‍यानं बंदूक खांद्याला लावली. मी श्वास घ्यायला थांबले, कारण पळता पळता आवाजच निघत नव्हता. धडाम. रुचिरानं बंदूक उचलली, गाल टेकवला.

"स्टॉप!"

मी इतक्या जोरात आयुष्यात कधी ओरडले नव्हते. शिट्टी वाजली. ओळीतल्या सगळ्यांच्या बंदुका खाली आल्या आणि उघडल्या. रुचिराचीही. दोन लाल काडतुसं तिनं बाहेर काढली आणि मफ गळ्यात ओढत मागे वळली.

मला बघून तिचा चेहरा कसा झाला ते मी विसरणार नाही. घाबरली नाही, आश्चर्यही नाही. आई येऊन मोडता घालणार हे मला माहीतच होतं, असा चेहरा.

दिलीप खुर्चीतून उठून पळत आला. रेफरी उंच, पांढर्‍या मिश्यांचे, फौजेतून रिटायर झालेले असावेत. ते म्हणाले, "मैडम, क्या बात है?" मी धापा टाकत सांगितलं की हिच्या बंदुकीत आतमध्ये दुसरं काडतूस आहे. त्यांनी रुचिराकडे पाहिलं. रुचिरानं उघडी बंदूक त्यांच्यापुढे धरली.

"खाली है सर. सुबह भी चेक किया था." मग मराठीत, दात दाबून, "आई, प्लीज. सगळे बघतायत. घरी जा."

रेफरींनी मान पुढे करून पाहिलं. नळ्यांचं तोंड रिकामंच दिसत होतं. कुणीतरी मागे हसलं. मी कुणाला विचारत बसले नाही. पुढे झाले आणि उजव्या नळीत मधलं बोट घातलं, पार मुळापर्यंत. टोकाला काहीतरी थंड लागलं. बोट बाहेर काढलं तर त्याला कुंकू होतं.

हसणं थांबलं. रेफरींनी बंदूक घेतली, नळ्या आभाळाकडे धरल्या आणि मागून पाहिलं. डावीतून उजेड दिसत होता, उजवीत काळोख. त्यांनी लाकडी दांडा मागवला, पुढून आत सारला आणि पिवळं काडतूस त्यांच्या तळहातावर पडलं. उजवीतून निघालेलं लाल काडतूस त्यांनी रुचिराच्या हातून मागून घेतलं आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून पाहिली.

मग बोलले ते रुचिराला. भरलेली बंदूक गाडीतून आणलीस, शहरातून आणलीस, लाइनवर घेऊन आलीस. बंदूक ही शूटरची जबाबदारी, नळीतून उजेड बघितल्याशिवाय काडतूस घालायचं नाही हे पहिल्या दिवशी शिकवतात. क्लबातून नाव काढायला पाहिजे. रुचिरा मान वर ठेवून उभी होती. दिलीप खाली बघत होता.

"मैंने डाला है," मी म्हटलं.

"आपने? क्यों?"

आता हे हिंदीत कसं सांगायचं? तीस माणसं ऐकत होती. मी म्हटलं, हमारे यहाँ नवमी को शस्त्र की पूजा होती है, भूखा नहीं पूजते, इसलिए डाला, निकालना भूल गई. इसने मुझसे पूछा था. मैंने देखा नहीं, देखो बोल दिया. गलती मेरी है, इसका नाम मत काटिए. बोलताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

रेफरी म्हणाले, नाव राहील, पण आज ही शूट करणार नाही. पुढची ट्रायल दिवाळीनंतर.

आम्ही गाडीकडे चाललो. दिलीप आणि पद्माकरराव पुढे. रुचिरा माझ्या शेजारून, उघडी बंदूक हातावर टाकून, माझ्याकडे न बघता चालत होती.

"मुद्दाम घातलंस?" तिनं विचारलं.

"मुद्दाम घातलं असतं तर अनवाणी पळत आले असते का इथवर?"

"घातल्यावर भीती वाटली असेल."

मला राग यायला हवा होता, एरवी आला असता. माझी जीभ काही कमी तिखट नाही. पण ती खरंच विचारत होती, आणि माझ्या हातात अर्धंच खरं होतं. मी थांबले.

"काडतूस मुद्दाम नाही घातलं," मी म्हटलं. "देवाशपथ नाही. पण काल हात जोडून तुझा नेम चुकू दे असं मागितलं होतं. ते मात्र मुद्दाम."

तिनं मला वरून खाली पाहिलं. माझ्या बोटाला अजून कुंकू होतं, पायाला माती. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त "अच्छा" म्हणाली आणि गाडीत बसली. पाच-सहा दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. त्या आठवड्यात मी दिलीपला सांगितलं, रायफल विकून टाक. भाऊसाहेबांनी होकाराची मान हलवली. पिवळी काडतुसं त्यांनी स्वतः जाऊन डीलरकडे जमा केली. सासूबाईंची शेवटची वस्तू होती ती.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी पुन्हा सकाळचे साडेसात. मी स्वयंपाकघरात होते. खट्‌ आवाज झाला आणि मी हात पुसेपर्यंत रुचिरा दारात आली. उघडी बंदूक तिनं खिडकीकडे तोंड करून माझ्यापुढे धरली.

"बघ."

मी वाकून पाहिलं. दोन्ही नळ्यांमधून समोरच्या गच्चीवरच्या वाळत घातलेल्या चादरीचे दोन पांढरे गोल दिसले.

"रिकामी?"

"रिकामी," मी म्हटलं.

ती गेली. मी देवापुढे जाऊन उभी राहिले आणि हात जोडले. या खेपेला नेमाबद्दल काही बोलले नाही. पाचपर्यंत घरी येऊ दे, एवढंच म्हटलं.